यंदा लेकी किती?

साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला एक मोठं सुख असतं. त्याचा माल त्याची वाट बघतो. बेअरिंग, पट्टा, वॉशर, व्हॉल्व्ह, ग्रीसचा डबा, जे रॅकवर ठेवलं ते ठेवलं. हंगाम संपतो, संचालक मंडळ बदलतं, चेअरमनचा मुलगा चेअरमन होतो. वॉशर आपला जागेवर. काही सुटे भाग तर असे आहेत, की ज्या मशिनला ते बसायचे ते मशिन भंगारात जाऊन त्याच्या एव्हाना कढया झाल्या असतील. भाग मात्र तेलकट कागदात गुंडाळून, बिनकार्डावर नोंद होऊन सुखात पडून आहेत. ऑडिटर दरवर्षी त्यांच्यावर शेरा मारतो, आम्ही दरवर्षी 'नोंद घेतली' असं लिहितो आणि दोघंही चहा पितो.

मग चैत्र लागतो. वाळवा तालुक्यात आणि आसपास जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि सुट्टीच्या दिवशी मला दुसऱ्या एका स्टोअरचा चार्ज घ्यावा लागतो. हे स्टोअर म्हणजे आमच्या आबांचे कुल्फीचे माठ. आबा माझे चुलते. त्यांची उमर जत्रांतून कुल्फी विकण्यात गेली. पूर्वी माठ सायकलवरून जायचा, आता छोट्या हत्तीतून जातो. घरी डीप फ्रीजरही आला आहे. पण जत्रेत मात्र लाल फडकं गुंडाळलेला माठच लागतो. फ्रीजरमधून काढलेली कुल्फी गिऱ्हाइकाला कंपनीची वाटते आणि माठातून काढलेली घरची, मग ती काल रात्रभर त्याच फ्रीजरमध्ये का असेना.

"तू स्टोअरकीपर हायस न्हवं? मग सांग, माल किती न्यायचा," असं आबा दरवर्षी विचारतात. मी सांगतो. ते ऐकून घेतात आणि त्यांना न्यायचा तेवढाच माल नेतात. हा सल्लामसलतीचा प्रकार मला कारखान्यातूनच परिचयाचा असल्यामुळे त्याचं वाईट वाटत नाही.

पण प्रश्न खरा अवघड आहे. कुल्फी वाट बघत नाही. कमी नेली, तर ऐन संध्याकाळी पोरांच्या घोळक्यासमोर 'संपली' म्हणत उभं राहायचं. जास्त नेली, तर दुसऱ्या दिवशी घरादाराला बासुंदी. कुल्फी म्हणजे मुळात आटवलेलं दूधच, विरघळलं की आपल्या मूळ पदावर येतं. आमच्या घरात लग्नाच्या पंगतीत कुणी बासुंदी आग्रहानं वाढायला आलं, की पोरं पानावर आडवा हात धरतात. यजमानांना वाटतं, किती संस्कारी पोरं आहेत.

बरं, हा निर्णय जत्रेत उभं राहून घ्यायचा नसतो, आधी घ्यायचा असतो. जत्रेच्या दिवशी अख्ख्या गावाला दूध हवं असतं. पाहुण्यांचा चहा, खीर, देवाचा अभिषेक. त्यामुळं गवळ्याला चार दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. म्हशीचं चाळीस लिटर दूध चुलीवर साधारण निम्म्यावर आणलं, त्यात साखर पडली, की साठ मिलिलिटरच्या साच्यांत साडेतीनशेच्या वर कुल्फ्या बसतात. साचे भरायचे, रात्रभर गोठवायचे, पहाटे माठात रचायचे. म्हणजे शनिवारी संध्याकाळी किती पोरांना किती वाजता कुल्फी खावीशी वाटेल, हे मंगळवारी सकाळी म्हशीला कळवायचं असतं. आमच्या कारखान्यात जर्मनीहून पार्ट मागवायचा तरी आधी नमुन्यातला अर्ज भरता येतो.

शेजारच्या आईसक्रीमवाल्याची स्थिती जरा बरी. मशिनमध्ये मिश्रण घुसळताना त्यात हवा शिरते, त्यामुळं अन्नसुरक्षेच्या नियमांत आईसक्रीमच्या एका लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं असं घालून दिलं आहे. म्हणजे लिटरभर आईसक्रीममध्ये जवळपास निम्म्या जागेत हवा असली तरी ते कायद्यानं आईसक्रीमच. मी हे आबांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी बराच वेळ त्या पालाकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी त्याला माल कमी पडला तर त्यो जत्रंतली हवा भरणार. आमच्या साच्यात हवंला जागाच न्हाई की रं."

नवख्या माणसाला वाटतं, कुल्फीच्या धंद्यात मोजायची ती कुल्फी. खरा जीव बर्फात असतो. नुसता बर्फ शून्य अंशाला थांबतो आणि शून्याला कुल्फी नीट गोठत नाही, कारण त्यात साखर आहे. त्यात खडेमीठ मिसळलं की तापमान खाली उतरतं. वजनानं शंभरात तेवीस भाग मीठ झालं, तर ते उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. त्यापुढं कितीही मीठ घाला, काही होत नाही. आबांनी हा आकडा कधी वाचलेला नाही. ते बर्फाच्या चुऱ्यावर मूठमूठ मीठ टाकतात, माठाच्या बाहेरच्या अंगाला हात लावतात आणि "बास" म्हणतात. मी एकदा काटा घेऊन त्यांचं मीठ मोजायला बसलो. त्यांनी काटाच उचलून शेव-रेवडीवाल्याला वापरायला दिला.

कुल्फी संपली तर धंदा थांबतो. बर्फ संपला तर मात्र कुल्फी असून धंदा थांबतो, वर बासुंदी. म्हणून लादी किती आणायची हा प्रश्न कुल्फी किती न्यायची याच्या आधी सोडवावा लागतो. लादी बर्फाच्या कारखान्यातून निघाल्यापासून आपलं वजन रस्त्याला देत येते. गोणपाट, लाकडाचा भुसा, ताडपत्री, सगळं करूनही थोडं पाणी होतंच. आबा या घटीवर ड्रायव्हरला बोलतात, म्हणून मी त्यांना टस्कनी जहाजाची गोष्ट सांगितली. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्यानं मे १८३३ मध्ये तळ्यांतला १८० टन बर्फ त्या जहाजात भरून कलकत्त्याला रवाना केला. भुशात दाबून ठेवलेला तो माल दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात पोचला, तेव्हा १०० टनांच्या आसपास शिल्लक होता आणि तरी साहेबलोकांत त्याचा बोलबाला झाला.

आबांना विषुववृत्ताचं काही वाटलं नाही. "ऐंशी टन घट?" ते म्हणाले. "आन् स्टोअरकीपरला कामावर ठिवला?"

बर्फाचीही आता जात बघावी लागते. जून २०१८ पासून आपल्या राज्यात न खायच्या बर्फाला निळा रंग द्यायचा असा अन्न व औषध प्रशासनाचा नियम आला. माठात कुल्फीच्या साच्याभोवती बर्फ असतो, तो कुणी खात नाही. तो निळा चालतो. सरबताच्या आणि गोळ्याच्या गाडीवर मात्र पांढराच हवा. नियम चांगला आहे. पण जत्रेतल्या पोरांना तो कुणी समजावून सांगितलेला नाही. माठाचं झाकण उघडलं आणि आत निळा बर्फ चमकला, की निम्म्या पोरांना कुल्फी नको असते, 'ते निळं' हवं असतं.

माल रचण्यातही माझ्या शिक्षणाची आबांनी पंचाईत करून ठेवली आहे. आमच्या स्टोअरचा पहिला धडा असा, की आधी आलेला माल आधी बाहेर काढावा. माठात आधी भरलेले साचे तळाशी असतात, आणि वरचं झाकण सारखं उघडझाप होत असल्यामुळं वरच्या थराला वारं लागतं. म्हणजे शेवटी ठेवलेली कुल्फी सगळ्यात आधी मऊ पडते. आबांचा नियम एका ओळीचा आहे: "जी मऊ, ती म्होरं." आमच्या कारखान्यातही बढत्या याच नियमानं होतात असं माझं निरीक्षण आहे, पण ते लेखी कुठं दिलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा, मागणीचा. स्टोअरमध्ये मागणी कागदावर येते. फोरमनची सही, साहेबाची सही, इश्यू स्लिप. जत्रेत मागणी नुसती हिंडत असते. नवा विक्रेता गर्दी बघतो आणि खूश होतो. यात्रा कमिटीच्या पत्रकात भाविक नेहमी लाखोंच्या संख्येनंच येतात, त्यामुळं तो माठही तसेच भरतो. आबा गर्दीकडं बघतच नाहीत. ते गर्दीच्या हाताकडं बघतात. कुल्फी खायला एक हात मोकळा लागतो, आणि जत्रेतल्या बहुतेक माणसांचा तो नसतो.

कुस्त्यांचं मैदान घ्या. दुपारी बारक्या पोरांच्या कुस्त्या सुरू होतात, नारळावर, रेवड्यांवर, तेव्हा थोडी विक्री होते. पुढं इनाम वाढत जातं तसा माणूस पुढं सरकतो. एका हातानं डोळ्यांवर सावली धरलेली, दुसऱ्या हातानं शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दे घालून पैलवानाला डाव सुचवणं चाललेलं. शेवटची कुस्ती दिवस मावळताना लागते. ती निकाली झाली, की निम्मे लोक विजयी मल्लाला खांद्यावर घेतात आणि निम्मे गाडी आधी काढायला पळतात. पाच हजारांच्या मैदानाला आबा दोनशे कुल्फ्याच धरतात, त्यातल्याही बऱ्याचशा पंचांना आणि निवेदकाला. निवेदकाचा घसा हा आबांच्या हिशेबात हमखास खपाचा माल आहे.

छबिन्याला तर माठ झाकूनच ठेवायचा. रात्रीची पालखी, ढोल, दारूकाम, वरून उधळण. पौषात पालच्या खंडोबाला साधी कुल्फी नेली तरी भंडाऱ्यानं तिची केशर होते, आणि चैत्रात वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या गुलालानं तीच रोज. दोन्हीकडं गिऱ्हाईक तक्रार करत नाही. देवाचं म्हणून खातं.

तमाशाचा हिशेब उलटा आहे. रात्री वगाला तुडुंब माणूस असतो, पण गारव्यात कुल्फीपेक्षा चहा आणि भजी उचलतात. खरी विक्री दुसऱ्या दिवशी सकाळी, हजेरीच्या कार्यक्रमाला. ऊन वर आलेलं, रात्रभर जागलेले डोळे, घसे कोरडे. भल्या सकाळी कुल्फी खाणारा गडी या जगात फक्त तिथंच बघायला मिळतो. तो ती गपचूप खातो, तोंड पुसतो आणि घरी जाऊन सांगतो, की पहाटेच रानात पाणी पाजायला गेलो होतो.

आणि देवाचा नैवेद्य. आमच्याकडं बहुतेक जत्रांना पहिला दिवस पुरणपोळीचा, दुसरा मटणाचा. पुरणपोळी, गुळवणी, वर तूप, असं जेवून आलेला माणूस कुल्फीकडं नुसता बघून घेतो. मटणाच्या दिवशी तोच माणूस जीभ भाजून पालावर येऊन धडकतो. म्हणून पहिल्या दिवशी निम्मा माल, दुसऱ्या दिवशी दीडपट. "मटणावर दूध घेऊ नये, अंगावर कोड उठतं," असं नातवंडांना बजावणारी म्हातारी स्वतः कुल्फी चोखत असते. तिच्या मते दूध वेगळं आणि कुल्फी वेगळी. आबा यावर वाद घालत नाहीत. महाशिवरात्रीला हीच म्हातारी उपासाला कुल्फी चालते का म्हणून खोदून विचारते, कारण काही ठिकाणी कुल्फी दाट करायला कॉर्नफ्लॉवर किंवा पावाचा चुरा घालतात. तेव्हा मात्र आबा छातीवर हात ठेवून सांगतात, "आक्का, निस्तं दूध हाय." एका दिवशी ते दूध नसतं आणि एका दिवशी निस्तं दूधच असतं. माल तोच.

इथवर कुणीही अनुभवानं पोचेल. आबांची खरी विद्या याच्या पुढची आहे, आणि ती मला कळायला वेळ लागला, कारण मी मागच्या वर्षीचा आकडा धरून बसायचो. स्टोअरचं सगळं नियोजन मागच्या वर्षीच्या खपावर चालतं. पण जत्रा तिथीवर असते, आणि तिथीला इंग्रजी तारखेचं काही सोयरसुतक नसतं. चैत्र पौर्णिमा २०२३ मध्ये ६ एप्रिलला आली. त्या वर्षी श्रावण अधिक पडला आणि २०२४ मध्ये तीच पौर्णिमा २३ एप्रिलला गेली. मग ती सरकत २०२५ मध्ये १२ एप्रिलला आणि २०२६ मध्ये २ एप्रिलला आली. देव तोच, गाव तेच, पण एकदा जत्रा उन्हाच्या तोंडाशी आणि एकदा ऐन भट्टीत. मी हा तक्ता करून आबांना दिला. तापमानानुसार माल कमीजास्त करावा, अशी शिफारसही जोडली.

आबांनी तक्ता बघितला. "ऊन ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोरांची परीक्षा कवा हाय?"

मला वाटलं, माझ्या पोरांची चौकशी चालली आहे.

"तुझ्या न्हवं. गावच्या लेकींच्या पोरांची."

तिथं मला आबांच्या नियोजनाचा सांगाडा दिसला. जत्रेतली कुल्फी ऊन खात नाही आणि गर्दीही खात नाही. ती भाचरं खातात. जत्रेला गावच्या सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोबत पोरं आणतात, आणि त्या पोरांचा हात मामाच्या हातात असतो. स्वतःच्या पोरानं कुल्फी मागितली तर बाप म्हणतो, "घरी चल, दाखवतो." भाच्यानं मागितली तर त्याच बापाचा मामा होतो. समोर बहीण उभी असते. बहिणीच्या देखत भाच्याला नाही म्हणणारा भाऊ आमच्या पंचक्रोशीत अजून जन्माला यायचा आहे.

हे एकदा जवळून बघण्यासारखं असतं. मामा पालासमोर येतो. बहीण म्हणते, "नको रे दादा, आत्ता तर जेवलीत पोरं." त्या 'नको'मध्येच ऑर्डर असते. आबा त्याचवेळी माठात हात घालतात. दादा म्हणतो, "अगं खाऊ दे की, वर्षातनं एकदा तर येतात." दोन भाचरं झाली. आपली दोन पोरं तोंडं करून उभी असतात, ती धरावी लागतात. शेजारच्या घरातलं एक पोरगं संगतीनं आलेलं असतं, त्याला कसं सोडणार? चुलतबहिणीची पोरगी कुठूनशी येऊन बोट धरते. बहिणीला द्यायची, ती 'नको नको' म्हणत घेते. बायको मुकाट बाजूला बघत असते, आणि तिच्या मुकाटपणाचा अर्थ प्रत्येक नवऱ्याला कळतो. शेवटी मामाला स्वतःला. आबा तोवर साचा दोन्ही तळहातांत धरून घुसळतात, कडेची कुल्फी सुटली की काडी खुपसतात, एक हिसका, आणि पांढरा सुळका बाहेर. मामा अजून पाकीट चाचपत असतो आणि सातवी कुल्फी काडीवर चढलेली असते. आबांच्या वहीत एक मामा म्हणजे सात ते नऊ. एकट्यादुकट्या माणसाला ते धरतच नाहीत. तो वरकड.

म्हणून जत्रेआधी दोन दिवस आबा 'जागा धरायला' म्हणून त्या गावी जातात. जागा ग्रामपंचायतीची पावती फाडली की पाच मिनिटांत मिळते. आबा संध्याकाळपर्यंत परतत नाहीत. ते पिठाच्या गिरणीत बसलेले असतात. कुणाचं दळण किती आलंय, हे गिरणीवाल्याइतकं तलाठ्यालाही ठाऊक नसतं. एरवी पाच किलो गहू दळणाऱ्या घरानं पंधरा किलो टाकले, की त्या घरी लेक येणार, जावयासकट येणार आणि चार दिवस राहणार. तिथून ते कासाराकडं जातात. कासारानं बांगड्या किती भरून आणल्यात ते बघतात. माहेरी आलेली लेक हातभर बांगड्या भरल्याशिवाय परत जात नाही, आणि कासाराचा अंदाज सहसा चुकत नाही, कारण त्याचा माल फुटतो पण विरघळत नाही, त्यामुळं त्याचं डोकं थंड असतं. एवढं झालं, की आबा एसटी स्टँडवर एक चहा घेतात आणि घरी येऊन दुधाचा शेवटचा आकडा सांगतात. बाजारपेठेची पाहणी म्हणून शहरात यालाच पैसे पडतात.

२०२५ मध्ये याचा पडताळा आला. त्या वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं घ्यायचं ठरलं आणि त्या २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. जत्रा १२ तारखेला, त्यात शनिवार. माझ्या तक्त्याप्रमाणं ऊनही होतं, सुट्टीही होती. यात्रा कमिटी खूश, पाळणेवाले खूश. आबांनी मात्र माल उतरवला. लेकी आल्या, पण एकेकट्या. पोरं सासरी आजीजवळ बसून भागाकार करत होती. भाच्याशिवाय मामा म्हणजे नुसता माणूस. तो पालासमोरून हात खिशात घालून गेला आणि हात खिशातच राहिला.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगितलं. तो पुण्यात एमबीए करतो, विषय ऑपरेशन्स. आबांना तोही आबाच म्हणतो. तो म्हणाला, "मामा, याला पेपरवाल्याचा प्रश्न म्हणतात. सकाळी पेपर किती उचलायचे? कमी उचलले तर नफा बुडतो, उरले तर रद्दी." मग त्यानं आबांचाच भाव घेऊन गणित मांडलं. कुल्फी वीस रुपयांना जाते, बनवायला आठ पडतात. एक कमी पडली तर बारा रुपयांचा नफा हुकला. एक उरली तर आठ रुपये गेले. बाराला बारा अधिक आठनं भागलं की साठ टक्के. म्हणजे दहा जत्रांपैकी सहा जत्रांना पुरेल एवढा माल न्यायचा, चार जत्रांना कमी पडू द्यायचा. त्यातच जास्तीत जास्त फायदा.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आन् उरल्याली कुल्फी तुम्ही लोकं बासुंदी म्हणून पिता, ती फुकट व्हय?"

भाच्यानं डोळे मिटले. ते बरोबर होतं. उरलेल्या मालाला काही किंमत येत असेल, तर उरण्याचा तोटा कमी होतो आणि माल जास्त न्यावा असंच सूत्र सांगतं. पेपरची रद्दी किलोवर जाते, कुल्फीची बासुंदी घरात जाते. मी मध्ये पडून सांगितलं, की घरच्यांच्या मते त्या बासुंदीची किंमत उणे धरावी. भाच्यानं उणे धरून पाहिली, तेव्हा माल बराच उतरला. काकूंनी आतून सांगितलं, की या पोराच्या शिक्षणाचा खर्च आज वसूल झाला.

वाणांच्या बाबतीत मात्र आबा आणि एमबीए यांचं एकमत निघालं. मी सुचवत होतो, की मलई, पिस्ता, आंबा, चॉकलेट असे चार प्रकार ठेवावेत, गिऱ्हाइकाला निवड मिळते. आबा म्हणाले, "चार वाण म्हंजी चार अंदाज. एक चुकवायला इतका वखत लागतोय, चार कवा चुकवू?" भाचा टाळ्या वाजवायला लागला. मालाचे भाग पाडले की प्रत्येक भागाचा अंदाज जास्त हुकतो, एकत्र ठेवला की एकाची कमी दुसऱ्याची जास्त भरून काढते, हे त्याला पुण्यात शिकायला सहामाही लागली होती. त्यामुळं आमच्याकडं मलई आणि आंबा एवढंच. पिस्ता मागणाऱ्याला आबा मलईवर दोन पिस्ते ठेवून देतात. तेही मागितले तरच.

तरीही काही गोष्टी गिरणीत कळत नाहीत आणि सूत्रातही बसत नाहीत. वळवाचा पाऊस त्यातला पहिला. चार वाजता आभाळ येतं, वारं सुटतं, पालं उडतात आणि कधीकधी गारा पडतात. ज्या पोरांना आम्ही दिवसभर गार वस्तू विकायला बसलेलो असतो, त्यांना आभाळच फुकटात बर्फ वाटायला लागतं, तोही पांढरा, खायचा. त्या स्पर्धेला आबांकडंही उत्तर नाही. ते माठावर ताडपत्री ओढतात आणि एक गार स्वतःही तोंडात टाकतात.

दुसरी गोष्ट निवडणूक. गावात निवडणुकीचं वारं असलं, की कुणी इच्छुक पालावर येतो आणि सगळा माठ एकदम विकत घेऊन पोरांना वाटायला सांगतो. मग तासाभरात दुसऱ्या पार्टीचा माणूस येतो आणि दुसरा माठ मागतो. तेव्हा माल कमी पडू देणं म्हणजे एका पार्टीचं होणं. म्हणून निवडणुकीच्या गावाला आबा माठ नेहमी सम संख्येनं नेतात.

तिसरी गोष्ट मोड. वीस रुपयांच्या सात कुल्फ्यांना पाचशेची नोट येते आणि पाळण्याशेजारी मोबाईलला रेंज नसते. त्यामुळं दहाच्या नोटांची गड्डीही आधीच बँकेतून आणून मालात धरावी लागते. ती संपली तर कुल्फी असून विकता येत नाही. माझ्या बिनकार्डावर ती 'अत्यावश्यक सुटे भाग' या सदरात आहे, आणि 'सुटे' हा शब्द तिथं पहिल्यांदाच जागच्या जागी बसला आहे.

अलीकडं एक नवीनच काळजी आली आहे. लेकी आता स्वतः कमावतात. फोन काढतात, कोड स्कॅन करतात आणि भावाला पाकिटापर्यंत पोचूच देत नाहीत. गोष्ट अभिमानाची आहे, पण माठाला ती मानवत नाही. बहीण पैसे देते तेव्हा ती आपल्या दोन पोरांपुरतं घेते आणि "दोघांत एक खा रे" असंही म्हणू शकते. भाऊ देतो तेव्हा आकडा सात ते नऊ. म्हणून कोडची पाटी आबांनी पालाच्या अशा कोपऱ्यात लावली आहे, की तिच्यापर्यंत पोचेतो मामाचं पाकीट उघडलेलं असावं.

पुढची चैत्र पौर्णिमा २० एप्रिल २०२७ ला आहे. यंदा ज्येष्ठ अधिक, म्हणून ती पुन्हा लांब गेली. ऊन भरपूर असेल, परीक्षांचं सांगता येत नाही. भाच्यानं सगळं संगणकावर घातलं आहे. तिथी, ऊन, परीक्षा, गिरणीतलं दळण, मामामागे सात ते नऊ, बासुंदीची उणे किंमत, सगळं. शेवटी एक आकडा येतो. तो छापलेला कागद त्यानं परवा आबांपुढं ठेवला. आबांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि एकच प्रश्न विचारला.

"ह्यात तुझी आई धरलीस का?"

धरली नव्हती. माझी बहीण पुढच्या चैत्रात चार दिवस माहेरी येणार आहे, दोन्ही जावा आणि त्यांची पोरं घेऊन. आबांनी पेन मागितलं, कागदावरचा आकडा खोडून तो नऊनं वाढवला आणि बयाणा म्हणून माझ्यापुढं हात केला.